पाचवा रकाना

"तू गप बस, क्रांते. नापास मानसानं ह्या कामात तोंड घालायचं न्हाई."

आबा एवढंच म्हणले, आणि क्रांतीचा पुढं आलेला हात तसाच मागं गेला. हातात निळी पेन्सिल हुती. सोप्यात सिमेंटच्या पोत्याचा फाडून सरळ केलेला कागद पसरला हुता, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या, आणि त्याच्यावर धाकट्या शिवांजलीनं पट्टीनं चार रकाने आखले हुते. बंगळूर, हैदराबाद, जर्मनी, पुणं. चारी ठिकाणांवनं पत्रं आल्ती, आमच्याकडं या, पीएच.डी. करा म्हणून. दहिवडीपास्नं सात मैल आत असलेल्या त्या वस्तीवर एका दिवशी चार पाहुणे कधी आले नव्हते, आणि आता चार विद्यापीठं एकदम दारात येऊन उभी राहिल्यावानी झालं हुतं. सोमवारी संध्याकाळपतूर एकाला व्हय म्हणायचं. आणि आज शुक्रवार.

"ताई काय म्हणत्या ते ऐका तरी आबा," शिवांजली म्हणली.

"काय ऐकायचं? जी सांगलीत दोन सालं शिकून रिकाम्या हातानं माघारी आली तिचं?"

क्रांती उठली, चुलीवरचा चहा गाळाय लागली. तिला एवढंच सांगायचं हुतं, की हैदराबादच्या सरांचा फोटो बघा, त्यांचं वय बघा, शिवी निम्म्यात असतानाच त्यो माणूस रिटायर हुईल. पण तेवीस सालं हे असंच चाललं हुतं. शाळेचं निघालं, कॉलेजचं निघालं, की आबांचं ते एकच वाक्य. वडूजच्या लॅबमधी रोज साठ माणसांचं रक्त तपासणारी, शिवांजलीला पहिल्या धड्यापास्नं एम.एस्सी.पतूर रसायन शिकवणारी क्रांती घरात मात्र नापासच राहिली.

आणि खरं काय हुतं, ते त्या घरात एका क्रांतीलाच ठाऊक हुतं.

ती नापास झालीच नव्हती. सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात ती एम.एस्सी.ला पहिली आल्ती. पुण्याच्या संस्थेचं पत्र तिच्या हातात हुतं, ह्या शिवांजलीच्या हातात आलंय तसंच. पण त्याच उन्हाळ्यात आई गेली. राहीबाई चार दिवसाच्या तापात गेली आणि मागं पाच महिन्याची शिवांजली राहिली. आबा कोकणात मेंढरं टाकून आले, बाराव्याला सगळ्या भावकीपुढं म्हणले, "क्रांतीचं शिक्षन थांबनार न्हाई, राहीला शब्द दिलाय मी. बारकीला मुंबईच्या बहिनीला देऊन टाकतो. तिला पोरबाळ न्हाई, ती सांभाळंल." आत्या लगेच डोळं पुसत उठली, पोर घ्यायला हात पुढं केलं... आणि त्या पाच महिन्याच्या जीवानं क्रांतीच्या पदराचा काठ मुठीत धरला हुता, तो काय केल्या सुटंना.

आबांना शब्द मोडायला लावणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग क्रांतीनं दुसरी वाट काढली. निकाल बघायला म्हणून सांगलीला गेली, माघारी येऊन दारातच म्हणली, "आबा, मी नापास झाले. आता शिक्षण न्हाई. बारकीला मीच बघते." आबांच्या तोंडावर तवा जे आलं ते ती आजतागायत विसरली नव्हती. राग असता तर तिनं पचवला असता. पण त्यो माणूस आतनं विझला. राहीची एकच इच्छा हुती आणि ती हिनं मातीत घातली, असं त्यांनी मनाशी धरलं ते धरलं.

शिवांजली घरातच राहिली. मोठी झाली. आणि क्रांतीनं आतापतूर तोंड उघडलं न्हाई त्याला कारण एकच. माझ्यामुळं ताईचं सगळं गेलं, हे ओझं त्या पोरीच्या पाठीवर चढू नये. आज तर मुळीच न्हाई. ती निघायची, हलक्या अंगानं निघू दे.

चहा झाला. आबांनी बशी खाली ठेवली, मांडी बदलली. सदुसष्ट वर्साचा माणूस, पण डोळ्यात कसली हुशारी आल्ती म्हणता, म्हसवडच्या बाजारात मेंढा घ्यायला निघाल्यावानी.

"शिवे, मला शाळा कळत न्हाई. पन निवडायचं कसं ते कळतं. मेंढा घ्यायचा तर विकनाऱ्याला इचारायचंच न्हाई. त्यो दात दाखवील, लोकर दाखवील, गोड बोलंल. आपन काय करायचं? त्याच्याकडनं गेल्या साली कुनी नेला, त्याच्या दारात जायचं. त्याला पुसायचं, बाबा, तुजी कोकरं कशी निघाली?"

शिवांजली बघतच राहिली. "म्हणजे... तिथनं पीएच.डी. करून बाहेर पडलेल्यांना विचारायचं?"

"मग? ह्या पत्रात काय ल्हिलंय ते विकनाऱ्यानं ल्हिलंय."

पोरगी टाळी वाजवून उठली. दोन महिने तिनं संस्थांचे नंबर बघितले, इमारती बघितल्या, कुठं किती मोठी यंत्रं हाईत ते बघितलं, पण हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. चारी ठिकाणच्या विद्यार्थ्यांची नावं तिनं मोबाइलवर शोधली, दहा जणांना निरोप टाकले, आणि दुपार कलायच्या आत सहा जणांनी नंबर पाठवले. मग काय विचारता. आबा मधी, मोबाइल उलट्या पातेल्यावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. आबांनी सवाल ठरवले पाच. किती सालात सुटलास. मास्तर महिन्यातनं किती डाव भेटला. तुज्यासंगं आत गेली किती आणि बाहेर आली किती. आजारी पडलास तवा कोन आलं. आन आता पोटाला काय करतोस.

पहिला फोन बंगळूरचा. पलीकडचा गडी कन्नड. शिवांजली इंग्रजीत सुरू करणार तवर आबांनीच फोन ओढला. तरुणपणी जतच्या पल्याड दहा सालं मेंढरं फिरवलेली, कन्नड त्यांना पाण्यावानी. दोघांचं असं जमलं की पाच मिनटं नुसतं पाऊसपाण्याचंच चाललं. मग आबा मुद्द्यावर आले, ऐकत गेले, मान हलवत गेले, आणि फोन ठेवून म्हणले, "ल्ही. साडेसात सालं लागली. मास्तर लय मोठा, जगभर फिरतो, म्हनून ह्याला सालातनं चार डाव भेटला. सोळा पोरं एका मास्तराच्या मागं. मेंढका एक आन मेंढरांचं खांड सोळाशेचं, मग कोकरू कुठं मेलं ते कुनाला कळायचं?"

"पण नाव लय मोठं हाय आबा त्या संस्थेचं."

"ल्ही की मग. नाव मोठं, असं बी ल्ही. खोटं कशाला ल्हायचं?"

दुसरा हैदराबादचा. ती बाई मराठी, लातूरकडची. तिनं सांगितलं की तिथं पहिल्या सहा महिन्यात तीन लॅबमधी दोन-दोन महिने काम करायचं आणि मग मास्तर निवडायचा. आबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हनायचं कारभार. आदी चालवून बघायचं, मग दावं बांधायचं." पण शिवांजलीचा विषय ज्वारी. चाळीस दिवस पाणी न्हाई आणि तरी माणातली ज्वारी मान टाकत न्हाई, तर तिच्या पेशीत तवा कुठली प्रथिनं तयार हुत्यात जी तिला धरून ठेवत्यात, हे तिला शोधायचं हुतं. लहानपणापास्नं डोळ्यापुढं बघितलेलं. आणि तिथं ह्या विषयाचे एकच सर.

"ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत," लातूरची बाई म्हणली.

आबांनी तिरक्या नजरेनं क्रांतीकडं बघितलं. ती खाली बघून शेंगा फोडत हुती. मघाशी तिची पेन्सिल ह्याच रकान्याकडं निघाल्ती, ते त्यांना आठवलं असावं.

तिसरा जर्मनीचा, तिथं अजून शिकत असलेल्या एका पोराचा. त्याच्या सांगण्यावरनं सगळं चांगलं हुतं. तीन सालात सुटका, पगार बरा, मशिनी नव्या. शिवांजलीचा चेहरा फुलला. पण तिथल्या मॅडमनी लॅब काढून दोनच सालं झाल्ती. त्यांच्या हाताखालनं अजून एकबी पोरगं पीएच.डी. होऊन बाहेर पडलं नव्हतं.

"म्हंजे इचारायचं कुनाला?" आबा म्हणले. "लांबचं मला भ्या न्हाई पोरी, मी आठ-आठ म्हैनं कोकनात काढल्यात. पन जिच्याकडनं अजून कुनी नेलाच न्हाई, तिचं मी काय पुसू? ती चांगली बी असंल. ल्ही, म्हाईत न्हाई."

राहिलं पुणं.

शनिवारी सकाळी फोन लागला. पोराचं नाव मल्हार, अकलूजचा, आता एका बियाणं कंपनीत संशोधनाला. बोलायला मोकळा. पाच सालं दोन महिन्यात सुटलो म्हणला. मॅडम रोज सकाळी साडेनवाला टेबलाशी येणार म्हणजे येणार. सात गेली, सात बाहेर आली. एक पोरगी बाळंतपणाला गेल्ती, तिची जागा मॅडमनी दीड साल राखून ठेवली. डेंगी झाला तवा मॅडमच्या घरनं डबा यायचा. आबांचा चेहरा उजळत चालला, शिवांजली भराभरा लिहीत हुती, पुण्याचा रकाना भरून खाली गेला.

"आणि एक गंमत सांगतो आजोबा," मल्हार म्हणला. "मॅडम नवीन माणसाला पहिल्या दिवशी मशिनीला हात लावू देत नाहीत. एक जुनी वही वाचायला देतात. हातानं लिहिलेली, प्रयोगाची. त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची हाय म्हणे. म्हणतात, हे असं काम करायचं, जे चुकलं ते बी लिहायचं. आणि म्हणतात, मी जिच्या जागेवर बसलीय तिची ही वही."

क्रांतीच्या हातातलं सूप खाली आलं. शेंगदाणे सगळ्या सोप्यात पसरले.

"काय गं ताई?"

"काय न्हाई. मुंगी चावली."

ती खाली बसून एक-एक दाणा गोळा करत राहिली. मॅडमचं नाव तिनं पहिल्याच दिवशी शिवांजलीच्या कागदावर वाचलं हुतं. अर्शिया. विश्रामबागच्या हॉस्टेलवर दोन सालं एका खोलीत, एका ताटात जेवलेली अर्शिया. क्रांतीनं पुण्याची जागा सोडली तवा पत्रात लिहिलं हुतं, माझ्यामागं यादीत अर्शियाचं नाव हाय, ती तिला द्या. प्रयोगाची वही अर्शियाकडंच राहिली हुती. नंतर अर्शियाच्या दोन चिठ्ठ्या आल्या. क्रांतीनं उत्तर दिलं न्हाई. उत्तर दिलं असतं तर कधी ना कधी ती इथवर आली असती, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं.

"मग ठरलं," आबा म्हणले. "पुनं."

शिवांजली पेन्सिल फिरवत बसली. मग हळूच म्हणली, "आबा, पुण्याचं खोडावं म्हणते मी. मुलाखतीला ह्या मॅडम समोर बसल्या हुत्या. माझा नंबर आला, नाव पुकारलं, आणि त्या उठून बाहेर गेल्या. माझी मुलाखत हुईपतूर आत आल्या न्हाईत. जिला माझं तोंड बघायचं न्हाई, तिच्या हाताखाली पाच वर्षं कशी काढू?"

आबांचा चेहरा पडला. "मग खोड. आपल्याला ज्यानं दारातनं फिरवलं त्याच्याकडं जायचं न्हाई."

शिवांजलीनं पट्टी ठेवली, पेन्सिल टेकवली.

क्रांती दाणे गोळा करायची थांबली. एक आडवी रेघ, बास. एकदा ती रेघ पडली की सगळं झाकलेलंच राहणार. शिवांजली बंगळूरला जाईल न्हाईतर जर्मनीला, आणि ती वही, ते पत्र, ते सगळं तिकडंच राहील. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप बसायचं हुतं, आणि गप बसायची तर तेवीस सालाची सवय... पण ज्वारीचं काम त्याच लॅबमधी चाललं हुतं. सात गेली, सात बाहेर आली. अर्शियासारखं माणूस कुठल्या रकान्यात मिळणार? शेवटी तिचं तिलाच कळलं न्हाई, आवाज कवा निघाला.

"पुण्याचं खोडू नकोस शिवे."

"क्रांते..." आबांनी सुरू केलं.

"नापास तर नापास, आबा. आज मी बोलणार हाय. ती बाई माझ्यासंगं शिकायला हुती. ती उगा उठून जायची न्हाई. काहीतरी कारण असंल. तिचं माहेर विश्रामबागेत हाय, रविवारी ती वडिलांकडं येती असं इंटरनेटवरच्या तिच्याच पानावर लिहिलंय. तिला एकदा तोंडावर विचारा. मग खोडा."

तेवीस सालात एवढं लांब ती आबांपुढं बोलली नव्हती. आबा तिच्याकडं बघत राहिले. मग कागदाची घडी घातली, टोपीखाली केस सारखं केलं आणि म्हणले, "मेंढ्याचा दात फोनवर दिसत न्हाईच. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊया. तू बी चल, घर दाखवायला."

रविवारी तिघं निघाली. दहिवडीवनं वडूज, वडूजवनं विटा, विट्यावनं सांगली. आबांनी पिशवीत मॅडमला द्यायला ज्वारीचं पीठ घेतलं हुतं, आणि पोत्याचा कागद घडी करून काखेत. शिवांजली खिडकीशी बसून सवाल पाठ करत हुती. विटा सोडल्यावर उसाचे हिरवे फड सुरू झाले आणि आबा पोरावानी बाहेर बघाय लागले. क्रांती मात्र हातातल्या रुमालाला गाठ मारायची, सोडायची. ह्याच रस्त्यानं ती ट्रंक घेऊन माघारी आल्ती.

विश्रामबागेत चांदसाहेबांचं घर तिला डोळं मिटून सापडलं असतं. पुढच्या खोलीत वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान, मागं घर. "तुमी व्हा पुढं, मी आलेच," म्हणून ती फाटकाशीच थांबली, चाफ्याच्या झाडाआड.

चांदसाहेब ऐंशीचे. डोळ्याला जाड भिंग, पुढ्यात पानं चिकटवायच्या सरसाचं भांडं, गुडघ्यावर उसवलेली एक वही. आबा आणि शिवांजली आत गेली, मॅडमला भेटायला आलोय म्हणून सांगितलं. "या, बसा. अर्शिया चहा ठेवतेय," म्हातारा म्हणला. "एवढी वही शिवतो. लेकीचा जीव हाय हिच्यात. दर दोन वर्षांनी आणते, पानं सुटली म्हणते, बांधून द्या."

वहीच्या शेजारी एक काळी दोरी पडली हुती, वहीला गुंडाळलेली असावी अशी. आबांनी सहज म्हणून उचलली. दोन बोटात फिरवली... आणि फिरवतच राहिले.

"ही लोकर माज्या मेंढराची हाय," आबा म्हणले.

चांदसाहेब हसले. "लोकर लोकरीसारखीच असते पाव्हणं."

"न्हाई. हिचा पीळ बघा. उलटा हाय. माजी मंडळी डावरी हुती, तिची लोकर कातायची चाती उलटी फिरायची. अख्ख्या माणात असा पीळ दुसऱ्या कुनाचा न्हाई." आबांनी दोरी उजेडात धरली. "ही राहीनं वळलीया. ही इथं कशी आली?"

"ती वहीसोबतच आलीय," चांदसाहेब म्हणले. "ज्या पोरीची वही, तिनंच बांधली होती. आमच्या अर्शियाची मैत्रीण, क्रांती. काय पोरगी होती सांगू... त्या साली एम.एस्सी.ला पहिली आली. आमची दुसरी. पुण्याची जागा तिची होती, तिनं सोडली आणि आमच्या पोरीला दिली. कशापायी सोडली ते आजवर कुणाला कळलं नाही."

आबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. शिवांजली उठून उभी राहिली. आणि नेमकं त्याच वेळी अर्शिया कपांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तिची नजर सरळ दारातनं फाटकाकडं गेली, चाफ्याआडच्या बाईवर पडली, आणि ट्रे तिनं जिथं जागा दिसली तिथं, वह्यांच्या गठ्ठ्यावरच ठेवला.

"क्रांती?"

क्रांतीला पळून जायचं हुतं. पाय उचललाच न्हाई. अर्शियानं येऊन तिला दोन्ही खांद्याला धरलं, गदागदा हलवलं. "तेवीस वर्षं. दोन पत्रं लिहिली मी तुला, दोन. मेलीस का जिवंत हाईस तेवढं तरी कळवायचं होतंस गं."

"बावीस वर्साची असताना बी तू अशीच भांडायचीस," क्रांती म्हणली, आणि तिचे डोळे वाहाय लागले ते थांबेचनात.

आत आल्यावर अर्शियानं शिवांजलीचा हात हातात घेतला. "मी उठून गेले ते तुला लागलं असणार. यादीत वाचलं, शिवांजली नाथाजी, वडिलांचं नाव तेच, माणातलं गाव. जिच्या जागेवर मी बसले तिची बहीण. तुला मी न्यायानं मार्क देऊ शकले नसते बाळा, दहाचे वीस दिले असते. म्हणून उठले. बाकीच्यांनी तुला घेतलं, ते तुझ्या हिमतीवर."

पण शिवांजलीचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. ती क्रांतीकडं बघत हुती. "ताई... तू पहिली आल्तीस? मग घरी नापास का सांगितलंस?"

मग आबाच बोलले, खाली बघत, अगदी हळू. "बाराव्याला मी म्हनलो हुतो, बारकीला बहिनीला देतो आन क्रांतीला शिकवतो. म्हनून. व्हय का न्हाई, क्रांते?"

क्रांतीनं मान हलवली.

"म्हणजे माझ्यामुळं..." शिवांजलीचा आवाज फुटला.

हेच. ह्याच्यासाठीच तेवीस सालं तोंड बंद ठेवलं हुतं. क्रांती झटकन उठली, पोरीचं तोंड ओंजळीत धरलं. "तुझ्यामुळं न्हाई. ऐक माझं. मी त्याग-बिग काय केला न्हाई, मला तू पाहिजे हुतीस. पाच महिन्याची हुतीस, माझा पदर धरून बसलेली, आणि मला ती मूठ सोडवायची नव्हती. माझा हट्ट हुता त्यो. जिला जे पाहिजे ते मिळालं, तिची कीव कसली करतीस? उलट तू माझ्या पदरात बसून ज्वारी, पेशी, प्रथिनं सगळं शिकलीस, त्यात माझं बी शिकून झालं की."

शिवांजली तिच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडली. अर्शियानं पदर डोळ्याला लावला, चांदसाहेबांनी भिंगं काढून पुसली.

आबा दोरीकडं बघत बसले हुते.

"मी लय हुशार मानूस," ते म्हणले. "मेंढा घेताना दहा दारं पुसतो. विकनाऱ्याच्या तोंडचं कवा खरं धरत न्हाई. ह्या शिवीसाठी बंगळूरपतूर फोन लावलं. आन तुजं? तू दारात येऊन म्हनलीस नापास, मी म्हनलो नापास. सांगली काय चंद्रावर हुती? एक डाव येऊन कुनाला तरी पुसलं असतं... ह्या चांदसाहेबाला पुसलं असतं तरी कळलं असतं. मेंढराची केली ती चौकशी लेकीची केली न्हाई मी. आन रोज तुला नापास म्हनत तुज्याच हातची भाकर खाल्ली."

"आबा, असं नका बोलू. मीच तसं केलं. तुमाला कळू नये म्हणूनच केलं."

"तुजं तू केलंस. माजं मी काय केलं ते बोलतोय मी." त्यांनी डोळं पुसले न्हाईत, तसेच वाहू दिले. "वर राही इचारंल, तवा काय सांगू गं मी तिला?"

क्रांती त्यांच्या गुडघ्याशी बसली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खडबडीत, मेंढराच्या पाठीवर ठेवतात तसा जड. तेवीस सालात पहिल्यांदा. चहावर साय धरली.

मग आबा एकदम हालले. काखेतला कागद काढला, चांदसाहेबांच्या टेबलावर पसरला, वह्यांच्या गठ्ठ्यांनी कोपरे दाबले. "शिवे, पेन्सिल."

"पुण्यावर खूण करायची ना आबा?"

"ती कर. तुजं झालं. आता पट्टी दे हिकडं." त्यांनी स्वतः पट्टी धरली. रेघ वाकडी गेली, पण पुण्याच्या पल्याड कागदाच्या कडंला पाचवा रकाना पडला. "वर नाव ल्ही. क्रांती."

"आबा, येड लागलंय का तुमाला? पंचेचाळीस वय हाय माझं."

"मॅडम," आबांनी अर्शियाकडं बघितलं. "पंचेचाळिसाला घेत न्हाईत का?"

अर्शियाच्या डोळ्यात पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. "पीएच.डी.ला वय आडवं येत नाही आबा. प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल तिला, सगळ्यांसारखी. आणि त्या दिवशी मी परत उठून बाहेर जाईन."

"झालंच तर मग. परीक्षेला ही कुनाला ऐकती?"

"आणि लॅबची नोकरी? घर? तुमचं कोण करंल?" क्रांती म्हणाय लागली, पण तिचा आवाज तिलाच पटेना. तिच्या हातात आपोआप वही आल्ती. पहिलं पान उघडलं हुतं, बावीस सालाच्या पोरीचं गोल अक्षर, आणि खाली लाल शाईत, आज चुकलं, उद्या परत. ती वाचाय लागली ती वाचतच राहिली.

"माजं मी बघतो. कोकनात आठ म्हैनं कोन भाकरी करून देत हुतं मला?" आबांनी मोबाइल काढला, पातेलं नव्हतं म्हणून सरसाच्या भांड्यावर उभा केला. "शिवे, त्या मल्हारला लाव. दारं पुसल्याबिगर मी काय करत न्हाई."

फोन लागला. आबांनी घसा साफ केला.

"रामराम. व्हय व्हय, मीच, मेंढरंवाला. धाकटीचं ठरलं, तुमच्याच मॅडमकडं येती. आता थोरलीचं पुसायचं हाय. वय पंचेचाळीस. हाताला काम लय, डोकं तर इचारूच नगा. ती तुमी वाचलेली वही हाय नव्हं, काळ्या दोरीची? तिचीच हाय ती..." आबा थांबले, क्रांतीकडं बघितलं, आणि आवाज एवढा मोठा केला की रस्त्यावरनं चाललेली माणसं वळून बघाय लागली. "न्हाई रं गड्या, मधीच सोडलेली न्हवं. एम.एस्सी.ला पहिली आल्ती ती. पहिली. माजी पोरगी."